गोळी आंबट होती, आत्ती

प्रिय आत्ती,

आज मशिनवर तुझ्या गोळ्या आल्या. नारंगी, चघळायच्या, व्हिटॅमिन सीच्या. शिरवळच्या ह्या कंपनीत मी दोन महिने झाले पॅकिंगला आहे. इतके दिवस तापाच्या पांढऱ्या गोळ्या होत्या, निभत होतं. आज ड्रमचं झाकण उघडलं आणि आंबट धूळ नाकातोंडात गेली. मास्क काढून सरळ बाहेर आलो. जेवणाची सुट्टी संपली तरी आत गेलो नाही; भिंतीला टेकून खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितोय. तू वाचणार नाहीस, माहीत आहे. जिवंत असतानाही तुला वाचता कुठं येत होतं?

आई गेल्यावर तू मला वडूजला आणलंस. बापाची थोरली बहीण, पण बापापेक्षा तूच जास्त झालीस. मी काय दिलं तुला? नववी सोडली, टायरच्या दुकानात गेलो, मग गोव्याला हॉटेलात. तिथं एक आचारी होता, एका हातानं अंडी फोडायचा, तो... जाऊ दे. "ह्याच्या पायाला भिंगरी हाय," असं तू लोकांना सांगायचीस, जणू मला कुठलं बक्षीस मिळालंय. एकदा तरी रागवायचंस की.

गुडघ्यासाठी तू झाडपाल्याच्या औषधवाल्याकडं गेलीस. त्यानं पुड्या दिल्या आणि पथ्य दिलं. सव्वा वर्ष आंबट बंद, तिखट बंद, कच्चं काही खायचं नाही. आंबटाचा एक थेंब पोटात गेला तर पहिल्यापासून सगळं परत. दुसऱ्या कुणी चार दिवस पाळलं असतं. तू दारातल्या लिंबोणीखालून जातानाही नाकाला पदर लावायचीस. येणाऱ्याजाणाऱ्याला पिशवी भरून लिंबं द्यायचीस आणि स्वतः दूध-भाकरी, नाहीतर मुगाचं पाणी. अकरा महिने. एवढं खरं कशाला वागायचं गं?

हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर म्हणालीस, "ह्या बारीची मिश्री लय कडक निघाली." पोटऱ्यांवर जांभळे डाग आले, तर म्हणालीस, "शेळीनं ढुशी दिली आसंल." विळा लागल्याची हातावरची खूण, मी सहावीत असताना भरून आलेली, ती परत उकलली. ती बघून तरी मला कळायला नको होतं?

साताऱ्याच्या डॉक्टरकडं तुला मीच नेलं, एवढं एक केलं. त्यांनी तोंड बघितलं, पाय बघितले आणि म्हणाले, "व्हिटॅमिन सी एकदम कमी झालंय. रोज एक गोळी चघळा. लिंबू, पेरू, आवळा खायला लागा." तू "व्हय, व्हय" म्हणालीस. पथ्याचं त्यांना तूही सांगितलं नाहीस आणि मीही. जिना उतरताना मात्र माझ्या कानाशी लागलीस.

"ह्यो आंबट खायला सांगतुय. डागदर झाला म्हनून काय झालं, येडा हाय त्यो."

मी हसलो, आत्ती. गोळ्यांची पिशवी तुझ्या हातात दिली, तुला वडूजच्या गाडीत बसवलं आणि मी मित्राबरोबर कवठे महांकाळला द्राक्षं काढायला निघून गेलो. काय अडलं होतं तिथं माझं? काहीच नाही.

चौथ्या दिवशी तुझा फोन आला.

"संद्या, गोळी लय आंबट हाय रं. जिभंला लावली नि थुकली. पथ्याला चालंल का?"

"थांब आत्ती, विचारून सांगतो."

"इचार बाबा. तू सांगितल्याबिगर मी न्हाई खात."

कुणाला विचारणार होतो मी? औषधाला कसलं आलंय पथ्य, खा, एवढंच म्हणायचं होतं. पण हातात क्रेट होता, खाली टेम्पोवाला बोंबलत होता. आणि मी विसरलो. साफ विसरलो. तू परत फोनही केला नाहीस. पोरगं कामात आसंल म्हणाली असशील.

पाच आठवड्यांनी फोन आला तो शेजारच्या हौसाक्काचा. सकाळी शेळ्यांना पाणी ठेवता ठेवता तू खाली बसलीस, ती उठलीच नाहीस.

साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, नुसतं व्हिटॅमिन कमी झाल्यानंच गेल्या असं म्हणता येणार नाही. वय होतं, हृदय कमजोर होतं. म्हणता येणार नाही. ह्या वाक्यावर मी कसा जगू, सांग. तेराव्यानंतर ज्वारीच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. एकच गोळी फोडलेली, तीही कागदात गुंडाळून ठेवलेली. म्हणजे मी हो म्हटलं असतं तर तीच खाणार होतीस ना?

आज जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या मॅडमना गाठून विचारलं, ही गोळी अंगात करते तरी काय? म्हणाल्या, कातडी, हिरड्या, रक्ताच्या नळ्या, सगळ्यांना धरून ठेवणारा एक धागा असतो, तो बनवायला हे लागतं. भरलेली जखमसुद्धा शरीर आतून सारखी शिवत असतं; हे संपलं की ती उसवते. शेळीच्या अंगात ते आपोआप तयार होतं, माणसाच्या होत नाही. तुझ्या चारी शेळ्या ठणठणीत होत्या, आत्ती. फक्त तुझ्यात ते नव्हतं. आणि ते फार दिवस साठत नाही म्हणे. एकदाच ढीगभर घेतलं तर बाहेर पडून जातं, रोज थोडं थोडं लागतं. मी तर दिवाळीला यायचो, दोन पिशव्या घेऊन, आणि तिसऱ्या दिवशी निघायचो.

मॅडम असंही म्हणाल्या, रोज एखादं लिंबू पोटात गेलं असतं तर गोळीचीही गरज पडली नसती. लिंबं दारात सडत होती.

आता एकच सांगतो. तेराव्याला हौसाक्का म्हणाली होती, "मी बी त्याच पुड्या सुरू केल्यात. तुझ्या आत्तीचं गुडघं दुखायचं राहिलं हुतं की." मी मान डोलावली होती. त्यालाही दोन महिने झाले. इथला हिशेब करून उद्या पहिल्या गाडीनं वडूजला येतोय. तुझ्या लिंबोणीचं लिंबू पिळून हौसाक्काच्या पुढ्यात ठेवणार. ती नको म्हणणार, पथ्य सांगणार, मला येडा म्हणणार. म्हणू दे. ती पेला रिकामा करेपर्यंत उंबऱ्यावरून हलणार नाही, आणि परवा परत जाणार, तेरवा परत. ह्यानं तू येणार नाहीस, हे मला कळतं. पण ह्या वेळी कुणाला विचारायला जाणार नाही.

गोळी चालते, आत्ती. पथ्य मोडत नाही. खा.

तुझा उशीर झालेला,
संद्या