हर्ट म्हणजे दुखणं

चि. धाकट्यास,
आशीर्वाद राग उतरल्यावर देईन.

नातवाशी इंग्रजीतच बोल, असं तूच बजावलंस आणि चित्रांचं पुस्तक माझ्या हातात कोंबलंस. काल तो जिन्यावरून पडला आणि "हर्ट्स, आजी, हर्ट्स!" म्हणून रडायला लागला. पुस्तकात हार्ट म्हणजे हृदय होतं. हृदय धडधडतंय म्हणत असेल, पोर घाबरलं असेल, म्हणून मी त्याला छातीशी घट्ट आवळलं. त्याचा मोडलेला हात मध्येच दाबला जात होता.

दवाखान्यात तू सगळ्यांदेखत म्हणालास, "आई, एवढंही कळत नाही तुला?"

त्याला 'दुखतंय' म्हणू दिलं असतंस, तर कळलं असतं रे! आज मीच शिकवलं. "आजी, दुखतंय," म्हणाला. मी लगेच हाताखाली उशी सरकवली.

हे पत्र तुला देणार नाही. संध्याकाळी घरी आलास की तोंडावरच बोलेन. मराठीत.

तुझी आई