मनूची बासनातली पोथी

३ फेब्रु. ९५, डोंबिवली
मनूला पुन्हा रक्त चढवलं. चित्रा लेकीला घेऊन हॉस्पिटलातून परस्पर आमच्याकडेच आली. जावई वागळे इस्टेटला, सेकंड शिफ्ट. नात दोन वर्षांची, हाताला पट्टी, झोपेत हसत होती. मी पेपरसाठी तुंबलेल्या गटाराची बातमी लिहिली. बरी झाली. बाकी काही वाटलं नाही.

सौ.ने भात कालवला, वाटी चित्राच्या हातात दिली आणि ओट्याकडे वळली. स्वतः भरवत नाही. उष्टावणाला खिरीचा पहिला घास तिने दिला होता. त्यानंतर पोर पांढरी पडत गेली. तेव्हापासून हात गुन्हेगार.

११ फेब्रु., शनि.
पुतण्या विनू आला. जनुकांवर पीएचडी करतोय. मनूची तपासणी त्याच्याच लॅबमधली.
"काका, जीन शुद्ध आहे. रक्ताचं सूत्र जसंच्या तसं."
"मग?"
"त्याच्या आधी एक जागा असते, प्रमोटर. तिथे प्रथिनं येऊन बसली की जीनची नक्कल सुरू. त्या जागेतलं एक अक्षर बदललंय. प्रथिनं नीट बसतच नाहीत."
म्हणजे पोथी शुद्ध, पाट डुगडुगता. पुराणिक दोन ओळी वाचतो नि उठतो. विनू हसला, "व्हायव्हात हेच सांगतो." सांग बापडा. परीक्षक संस्कृतवाला निघो.

सौ. आतून, पाठ न वळवता, "मग आधी कशी छान होती रे?"
"काकू, पोटात असताना दुसऱ्या जीनवर काम चालतं. जन्मल्यावर प्रथिनंच ती हळूहळू बंद करतात. तुझी, माझी, सगळ्यांची. मनूची बंद झाली ती उष्टावणाच्या सुमारास आणि पुढची नीट चालेना, एवढंच. खीर नसती दिलीस तरी झाली असती."
सौ.ने नळ मोठा सोडला. भांडी घासलेलीच होती.

२० मार्च
ती दुसरी पोथी अजून आहे म्हणे. बासनात बांधलेली. डॉक्टरांकडे एक गोळी आहे, मूळची ब्लड कॅन्सरची. काही जणांत गाठ सैल होते, काहींत नाही. का, ते विनूलाही ठाऊक नाही. "ठाऊक असतं तर पीएचडी संपली नसती का, काका?"
चित्राने गोळीच्या संमतीवर सही केली. पेन जावयाने पुढे केलं.

९ जून
या खेपेचं रक्त पुढे ढकललंय. डॉक्टर म्हणाले, बघू. चार मोठी माणसं दिवसभर एका पोरीची नखं बघतोय, गुलाबी आहेत की पांढरी. मनू हात फ्रॉकमागे लपवते. आनंद व्हायला हवा. होईल सवडीने.

२ जुलै, रवि.
चित्रा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. सौ. कालवलेला भात घेऊन उभी. वाटी द्यायची कुणाला? माझ्याकडे बघितलं. मी पेपर वर धरला, कडेने बघत राहिलो.
मनूने तिचं मनगट धरलं, तिचीच बोटं भातात बुडवली आणि घास आपल्याच तोंडाकडे ओढला.
"आजी, आ कल!"
आ स्वतःच केला. सौ.चा हात तसाच, मागे नाही, पुढे नाही. पोर चावत होती. पेपराआडून तेवढंच ऐकू येत होतं.
मग सौ.चा आवाज, "अजून?"

उद्या सकाळी हिमोग्लोबिन.