फक्त सायकलस्वारांसाठी

४ नोव्हेंबर १९७४
मिलची मालगाडी बंद झाली, रूळ उपटले, आणि शुक्रवार पेठेच्या मागून कॉर्पोरेशनने त्या जागी सायकलवाट केली. आज उघडली. ऑफिसात जाहीर केले, यापुढे मी सायकलने येणार. वीरभद्रप्पा हसला. तो घराशेजारीही आणि टेबलाशेजारीही. त्याचे दात दिसले की माझे पित्त खवळते.
सायकल चालवता येत नाही, ही गौण बाब. सासऱ्यांनी लग्नात दिलेली सायकल तेव्हापासून भिंतीला टेकून आहे. तेल घातले. आठवड्यात शिकेन. ही म्हणाली, बघू.

५ नोव्हेंबर, सकाळी
वाटेवर पाय ठेवायला जागा नाही. विणकरांच्या सावित्रम्माने सुताचा ताणा लांबच लांब पसरून खळ लावायला घेतलेली. पूर्वी गल्लीत पसरायची, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी उचलायची. आता सरळ, सपाट वाट आयती मिळाली. मी बजावले, वाट तुमच्या तीर्थरूपांची नाही. तिने ताणा वर धरला, खालून जा म्हणाली. सायकलसकट वाकून गेलो. घोर अपमान.

८ नोव्हेंबर
सायकल धरून पूर्ण वाट चाललो. वजनाचा अंदाज आला. निम्मे शिक्षण झाले म्हणायचे. बसलोही असतो, पण मध्ये सूत, पुढे कुणाच्या मिरच्या वाळत. या लोकांपायीच माझे अडले आहे.

१२ नोव्हेंबर
ऑफिसच्या कोपऱ्यावर घाम पुसला आणि घंटी वाजवत सायकल लावली. वीरभद्रप्पा म्हणाला, वाटेत दिसला नाहीत. म्हणालो, वेगात होतो.

१८ नोव्हेंबर
कॉर्पोरेशनला अर्ज दिला. वाटेवर सायकलस्वारांखेरीज सर्वांस बंदी करावी, पहारेकरी नेमावा. मसुदा असा की कुठे बोट ठेवायला जागा नाही. आता बघतोच एकेकाला.

२ डिसेंबर
जिंकलो! पाटी लागली. शब्द माझेच. रामहरी नावाचा पहारेकरी काठी घेऊन उभा. सावित्रम्मा ताणा गुंडाळून गल्लीत परतली. मराठीत काही बोलली नाही, तेलुगूत बरेच बोलली. वीरभद्रप्पाला सांगितले, उद्या माझ्या मागून या, बघा जमतेय का.

३ डिसेंबर
तो खरेच मागून आला. रामहरीने काठी आडवी धरली. मी पाटी दाखवली. त्यानेही पाटीच दाखवली.
"सायब, ही वाट चालवनाऱ्यांची हाय, ढकलनाऱ्यांची न्हाय. बसा की, मग जावा."
वीरभद्रप्पा त्याच्या सायकलवर बसूनच एक पाय टेकवून बघत होता. गुडघा दुखतो म्हणालो आणि गल्लीने निघालो.
गल्लीत सावित्रम्माचा ताणा. तिने तो वर धरला. वाकलो.
ऑफिसात पोचलो तोवर वीरभद्रप्पाचे सगळ्यांना सांगून झाले होते.
संध्याकाळी सायकल घरात घेतली. भिंतीजवळची तिची जागा हिने महिनाभर रिकामीच ठेवली होती.