अमरशॅमची पानं

अनुया,
नाइट करून आलीस आणि गाढ झोपलीस, म्हणून उठवलं नाही. शेजारच्या किमबाईंबरोबर ट्रेनने शहराबाहेर अमरशॅमच्या रानात लाल-पिवळी पानं बघायला चाललेय. सोलला असताना त्या दर ऑक्टोबरला अशीच पानं बघायला डोंगरावर जायच्या म्हणे. त्यांना मराठी येत नाही, मला कोरियन येत नाही, पण थालीपीठ दोघींनाही कळतं. तुझ्यासाठी डब्यात ठेवलीत, लोण्याशी खा.

सारखे फोन करू नकोस. दुपारी मीच करेन.

चॅरिटीला द्यायच्या पिशवीतून बाबांचे चालायचे बूट काढून घेतलेत. दोन-दोन मोजे चढवले की मला छान बसतात. ते गेल्यापासून ती पिशवी मीच दाराआड अडवून ठेवली होती. आता बाकीचं देऊन टाक, मी काही म्हणणार नाही.

आई