सहाची गाडी, बाराची बॅटरी

३ मार्च
बॅटरी बदलली. सहा व्होल्टची काढून बारा व्होल्टची. वायरमनकाका म्हणाले, "ताई, आता जपून. म्हाताऱ्या माणसाच्या पानात एकदम दुप्पट वाढल्यासारखं आहे हे!" बल्ब सगळे नवे. स्टार्टर जुनाच — तो काय, क्षणभर फिरतो, सोसेल म्हणे.
मामाची घाई. बाबांची गाडी त्याला आपल्या हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायचीय. "दिवे लागले, रेडिओ वाजला की झालं. चालली नाही तरी चालेल!" बाबा गेल्यापासून ती गॅरेजातच उभी. मी हो म्हणून बसले. आई उठून आत गेली.

५ मार्च
तिन्हीसांजेला दिवे लावून पाहिले. पूर्वी कसा पिवळा, पेंगुळलेला उजेड पडायचा. आज भिंत लख्ख! त्या झोतात धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की पाना हातातच राहिला. आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. दोघी बघत राहिलो.

६ मार्च
माती खाल्ली. डॅशबोर्डवरचं घड्याळ थेट बारावर जोडलं. बारीक 'चर्र' — आणि धूर. रडूच आलं. आई म्हणाली, "जाऊ दे गं. तिला वेळ कोण विचारतंय!"

९ मार्च
काकांनी बाराचे सहा करणारी डबी आणली. रेडिओ तिच्यावर जोडला. आधी नुसती घरघर. मग कुठूनतरी लांबून, पाण्याखालून आल्यासारखा, एका बाईचा गाण्याचा आवाज.
आई येऊन बसली — स्टिअरिंगसमोर! डोळे मिटलेले. पाय मात्र हलत होते. क्लच दाबायचा, सोडायचा.
"बाबा आठवले?" मी हळूच विचारलं.
"छे! लग्नाआधी मी तुझ्या आजोबांची लॉरी चालवायचे."
लॉरी!! "मग सोडलंस का?"
"तुझ्या बाबांनी किल्ली कधी हातात दिलीच नाही. मागितली दोनदा. मग सोडलं मागणं."
गाणं संपलं. किल्ली तिथेच ठेवून मी आत आले.

११ मार्च
हॉर्न आता केवढ्यानं ओरडतो! शेजारीण दचकून कुंडीवर आपटली. आई हसून हसून बेजार.

१२ मार्च
वायपर झाला, पेट्रोलचा काटाही. दुपारी मागच्या सीटवर जरा आडवी झाले, डोळा लागला. वाटलं, गाडी चाललीय. झाडं मागे जातायत, खिडकीतून वारा, पुढे कुणीतरी गुणगुणतंय. जागी झाले तर गॅरेजच. बॉनेटला हात लावला — गरम. उन्हानं असेल.

१४ मार्च
मामा क्रेन घेऊन आला. दार उघडलं तर गॅरेज रिकामं — गाडी नाही, किल्लीही नाही. तेवढ्यात आईचा फोन — "मामाला चहा दे. जेवायला थांबू नका, मी समुद्र बघून येते." कुठला समुद्र, विचारायच्या आत ठेवलाही!