मधली जागा

२१ जानेवारी, सोमवार

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. थंडी अशी की सकाळी मशीनचं तेलसुद्धा बाटलीतून बाहेर यायला कुरकुरतं. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का?

तुझं पत्र मिळालं. फोन न करता पत्रानेच उत्तर देतोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तर, वचन देणार नाही. टेकडी सोडणार नाही. पन्नाशीनंतर माणसाने जपून राहावं म्हणतेस, आणि स्वतः साठीला ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्ची चढतेस, ते काय? तुझ्या भावजयीने कळवलं त्यात तिखटमीठ फार आहे. मी कड्यावरून पडता पडता वगैरे काही वाचलो नाही. कडा नव्हताच. घळ होती, आणि मी तिच्यापासून चांगला लांब होतो. चार हात तरी.

झालं ते असं. हिवाळ्यात दर रविवारी आम्ही चौघं गावामागची टेकडी चढतो: कॅशियर, कंपाउंडर, शिंपी आणि मी. आमची एक रीत आहे. पुढचा माणूस वाट काढतो, शेवटचा शिट्टी बाळगतो. मागे कुणाला काही झालं की शेवटच्याने शिट्टी फुंकायची, आणि पुढच्याने सगळ्यांना त्या आवाजाकडे परत न्यायचं. मधली जागा पाहुण्यांची, पोरांची आणि डब्यांची. पुढे मी असतो. वाट मी शोधली, कुठला दगड हलतो ते मी दाखवलं, मग दुसरं कोण असणार?

त्या दिवशी धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. कंपाउंडरचा पाय मुरगळला, त्याने शिट्टी फुंकली. मी म्हणालो, "उजवीकडे," आणि घळीच्या अंगाला निघालो. कॅशियरने मागून स्वेटर धरला. "अरे मिस्त्री, निघालास कुठे? तो डावीकडे बोंबलतोय!"

डावीकडेच होता. शिट्टी स्वस्तातली आहे, धुक्यात आवाज फसवतो, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. सगळे हसले. पुढच्या रविवारी मात्र कॅशियर पुढे जाऊन उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "आज तू मधे चाल."

मी तिथूनच मागे फिरलो. शिंप्याचा डबा माझ्या पिशवीत होता, तोही घरी आला.

धुकं फसवतं तर मला एकट्यालाच कसं फसवतं, हे तू विचारणारच. म्हणून लिहून टाकतो. उन्हाळ्यात ताप आला होता, त्यात माझा डावा कान गेला. पूर्ण. डॉक्टर म्हणाले, नस मेली. आणि एका कानाला आवाज कळतो, दिशा कळत नाही. हे तुझ्या भावजयीलाही सांगितलेलं नाही. मशीन दुरुस्त करणारा कानावर जगतो, ताई. कुणाच्या हाताखाली न राबता, मोडकी शिलाई मशीनं उघडून उघडून मी हे काम शिकलो. चाक फिरवलं की आवाजावरून दुखणं सांगायचो. "मिस्त्रीचा कान गेला" असं एकदा बाजारात पसरलं की संपलं. आता मी मशीनच्या अंगावर बोटं टेकवतो. बोटांना कळतं. अजून एकही मशीन तक्रार घेऊन परत आलेलं नाही.

मग टेकडीचंच का अडावं? मी एकटा जायला लागलो, दुकानातलं गजराचं घड्याळ घेऊन. ते झुडपात ठेवायचं, लांब जायचं, डोळे मिटून गरागरा फिरायचं, आणि गजर झाला की शोधायचं. आधी सरळ काट्यांत गेलो. मग उमगलं. आवाजाकडे धावायचं नाही, जागेवर हळूहळू वळायचं. उजवा कान समोर आला की आवाज धारदार होतो, पाठ फिरली की बोथट. आधी वळायचं, मग पाऊल.

तिथे शेळ्या चारणारी एक बाई असते. तिने बराच वेळ पाहिलं. "काय हो, घड्याळ हरवलं की डोकं?"

"कान," मी म्हणालो.

ती हसली नाही. पुढच्या खेपेला गजर भलतीकडेच वाजला. मी वळत वळत थेट तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. घड्याळ तिच्या गवताच्या भाऱ्यात. "सापडतंय की," म्हणाली आणि शेळ्यांमागे गेली.

काल टेकडीच्या पायथ्याशी तिघांना सगळं सांगितलं. कंपाउंडर भडकला, "म्हणजे इतके दिवस माझ्या शिट्टीला उगीच नावं ठेवलीस?" शिंपी म्हणाला, "आधी माझा डबा काढ." मी म्हणालो, डोळे बांधा, घ्या परीक्षा. शिट्टीवरून कंपाउंडरला दोनदा बरोबर गाठलं. तिसऱ्यांदा झाडाला मिठी मारली.

"ऊन असेल तेव्हा पुढे तूच," कॅशियर म्हणाला. "धुक्यात नाही, मिस्त्री. घळीला एकच चूक पुरते."

त्याचं खरं होतं. पण मधे?

"धुक्यात मी शेवटी चालेन," मी म्हणालो. "शिट्टी शोधायला दोन कान लागतात. फुंकायला एकही लागत नाही." आणि कंपाउंडरच्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. काल धुकं होतंच. अर्ध्या वाटेवर एकदा विनाकारण फुंकली. तिघेही थांबले, आणि शिव्या देत माझ्यापर्यंत परत आले.

तुझ्या भावजयीला आज मीच सांगतो, तू घाई करू नकोस. इकडे येशील तेव्हा टेकडीवर चल. तू पाहुणी, तुला मधे चालवीन.

आणि एक. लहानपणापासून जेवताना तू माझ्या डाव्या हाताला बसतेस आणि कानात बाबांची नक्कल करतेस. मागच्या वेळी तू काहीतरी म्हणालीस, मी नुसता हसलो. ऐकू आलं नव्हतं. ते परत सांग. या वेळी उजवीकडे बस.

तुझा,
धुक्यात सगळ्यांच्या मागे, पण मधे नाही, असा
धाकटा