आरतीचा मान कुणाला

शनि. १० ऑगस्ट, एडिसन
देशमुखच्या डेकवर कमिटीची मीटिंग. विषय गणपतीचा, भांडण इलेक्शनचं. जोशीकाकू, रिटायर्ड डॉक्टर, पक्क्या डेमोक्रॅट. देशमुख नागपूरचा, पक्का रिपब्लिकन. आणि मी मंडळाचा अध्यक्ष, पण लिबर्टेरियन, म्हणजे दोघांच्याही शिव्या खाणारा.
म्हटलं, काकू, तुमचा पक्ष घरात डोकावत नाही, पण खिशात हात घालतो. देशमुखचा पक्ष खिसा सोडतो म्हणतो आणि घरात डोकावतो. आम्ही म्हणतो, दोन्हीकडून हात काढा. कोण कुणाशी लग्न करतं, काय ओढतं, कमावलेलं कशावर उडवतं, ज्याचा त्याचा प्रश्न.
देशमुख : 'अन् रस्ते काय तुझा काका बांधणार आहे का बे?'
काकू : 'आजारी पडलास की मेडिकेअरच मागशील, अनिल.'
रस्त्यांचं नीट उत्तर अजून सापडत नाही. वाचायला पाहिजे. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं. सुनीता म्हणाली, 'तुमच्या पक्षाला मत देणारा तूच एक. ओरडतोस कुणावर?'

बुध. १४ ऑगस्ट
हिला कळत नाही. बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढली. नोकरी बदलू का, आईला भेटायला जाऊ का, सगळं सरकारला विचारून. एकदा रांगेतून सुटल्यावर माणूस असाच होणार. (देशमुखही त्याच रांगेत होता आणि आता म्हणतो गेट बंद करा. कमाल आहे.)
संध्याकाळी ईशाचा फोन, जर्सी सिटीहून. गेल्या वर्षी तिने मेगनशी कोर्टात लग्न केलं, आम्ही दोघं हजर होतो. सुनीता रडली, मी फोटो काढले. तर म्हणाली, 'Baba, can we do one aarti? मेगनने पाठ केलीये. Full.'
करा की, म्हटलं. मी अध्यक्ष आहे!
फोन ठेवल्यावर आठवलं. आपल्याकडे आरतीचा मान जोडप्याला.

शनि. २४ ऑगस्ट
विषय मांडला. वाटलं होतं काकू लगेच हो म्हणतील. गाडीवर इंद्रधनुष्याचं स्टिकर आहे त्यांच्या! तर म्हणतात, 'सरकारने लग्न मान्य केलं, छान झालं, मी मोर्चात होते. पण इथे देव आहे. जोडपं म्हणजे नवरा-बायको.'
आणि देशमुख? 'इशू माझ्या मांडीवर खेळली बे. करू दे पोरीला.'
कमिटीतले पाटील जोशीकाकूंच्या बाजूने, नेने देशमुखच्या. दोन-दोन. उरलो मी.
आणि मी काय केलं? तत्त्व काढलं. म्हटलं, हे खासगी मंडळ आहे, त्याने आपले नियम आपण ठरवावेत, ज्यांना पटत नाही त्यांनी दुसरं मंडळ काढावं. शिवाय मुलगी माझीच, मी मत देणं बरं दिसत नाही. तटस्थ.
बरोबरी झाली की जुना नियम कायम. चहा आला.
देशमुख चहा न पिताच उठला.

रवि. २५ ऑगस्ट
ईशाला सांगितलं. तत्त्वसुद्धा सांगितलं, अगदी व्यवस्थित. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'So you do like a government, Baba. Just a small one.'
फोन कट.
सुनीता जेवण वाढून निघून गेली. आमटीत मीठ नव्हतं. मागायची हिंमत झाली नाही.

गुरु. २९ ऑगस्ट
झोप नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मनातल्या मनात काकूंशी भांडत होतो, मग स्वतःशी. तत्त्व चूक नाही. खासगी संस्थेवर बाहेरून सक्ती नकोच. पण सक्ती कोण करत होतं? हात वर करायला सांगितला होता फक्त.
सरकार नको, नको म्हणत आयुष्य गेलं. कमिटी हेही एक सरकारच, हे आलंच नाही कधी डोक्यात.
ईशाला मेसेज केला. फक्त निळी खूण आली.

शनि. १४ सप्टें.
गणपती. हायस्कूलच्या कॅफेटेरियात अडीचशे माणसं, उकडीचे मोदक आणि पार्किंगची बोंब. ईशा आली नाही. दारात कुणी नऊवारीतली दिसली की मी मान वळवत होतो.
पहिली आरती अध्यक्षांची, सपत्नीक. तबक पेटलं, मी पुढे झालो. सुनीता जागची हलेना. दोनदा खूण केली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'मी नाही येत. तुझं मंडळ, तुझे नियम. तू कर.'
घंटा थांबली. टाळ थांबले. काकू म्हणाल्या, 'अरे, जोडप्याशिवाय कसं?' माझे कान लाल. हातात तबक, कापूर जळतोय, आणि मी नियमात बसत नाही!
देशमुख खुर्चीवरून उठला, झब्बा सावरत आला आणि तबकाला हात लावला. 'चाल बे. मीच होतो तुझं जोडपं. कापूर विझून राहिला.' लोक हसले. आरती झाली. अख्खी झाली, कुणी अडवलं नाही. काकूंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

रवि. १५ सप्टें.
कुणीतरी व्हिडिओ ग्रुपवर टाकला. ईशापर्यंत पोचला. तीन आठवड्यांनी तिचा पहिला मेसेज :
'So two uncles is fine?'
सुनीताला दाखवला. ती हसली आणि मग डोळे पुसायला लागली. मला धड हसूही येईना. फार लागलं.

मंगळ. ५ नोव्हें.
सकाळीच मत देऊन आलो. आमच्याच माणसाला. तो पडणार हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तरी दिलं. येताना गाडीत तेच खात होतं. जिथे माझ्या एका मताने काही होत नाही, तिथे मी वाघ. जिथे एकाच मतावर सगळं अडलं होतं, तिथे तत्त्व.
शनिवारी कमिटी आहे. ठराव या वेळी माझाच. देशमुख म्हणाला, काकूंना तू घरी जाऊन भेट, वाद घालू नको, फक्त भेट. काल गेलो होतो. काकूंनी चिवडा दिला.
दुपारी ईशाला फोन. तिने उचलला! सांगितलं सगळं. म्हटलं, मी हात वर करणार. ठराव पास झाला तर पुढच्या गणपतीत आरतीला याल का दोघी?
फोनवर भांड्यांचा आवाज. मागे मेगन भांडी लावत असावी.
'ज्याचा त्याचा प्रश्न, बाबा,' ईशा म्हणाली. माझ्याच सुरात, अगदी मराठीत.
मग म्हणाली, 'आईला दे.'
दिला.